जर्मनीत बोलायला कुठे शिकाल: श्प्राखकाफे, टँडम आणि फेराइन

मॅक्स म्युलर भवनाची बी१ परीक्षा (ए१ ते सी२ या सहा पायऱ्यांतली तिसरी) पास होऊन जर्मनीत उतरलेल्या माणसाला व्याकरण येतं, पण समोरचा विषय बदलून पुढे गेला तरी याचं वाक्य जुळवून झालेलं नसतं. हा वेग वर्गात येत नाही, माणसांत बसूनच येतो. ऑफिसात इंग्रजी, घरी मराठी, शनिवारी आपलीच चार कुटुंबं आणि बिर्याणी असा आठवडा एकदा बसला की पाच वर्षं कशी जातात कळत नाही, आणि जर्मन बेकरीच्या काउंटरपुढे सरकत नाही. ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांच्या नोकरी-परवान्यावर) असाल तर बाकीच्या अटींसोबत बी१ दाखवून २१ महिन्यांत आणि ए१ वर २७ महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. नागरिकत्वालाही बी१ लागतं. म्हणून बरेच जण परीक्षेपुरतं रटतात आणि प्रमाणपत्र हातात पडलं की पुस्तक मिटतात. उलट गैरसमजही आहे: गप्पांच्या गटात वर्षभर बसलात तरी ती हजेरी परदेशी नागरिकांच्या कचेरीत चालत नाही. तिथे परीक्षेचंच प्रमाणपत्र लागतं.

सुरुवात श्प्राखकाफेपासून, म्हणजे जर्मन बोलायच्या सरावासाठीच्या गप्पांच्या बैठकीपासून करा. शहराचं वाचनालय, मेअरगेनराटसिओनेनहाउस म्हणजे सगळ्या पिढ्यांसाठीचं वस्तीतलं केंद्र, कारितास किंवा डियाकोनीसारख्या चर्चशी जोडलेल्या सेवासंस्था, चर्चचं सभागृह, अशा ठिकाणी ते चालतं. बहुतेक फुकट असतं, स्वयंसेवक चालवतात. हॅम्बुर्गच्या सार्वजनिक वाचनालयांत ‘डायलोग इन डॉइच’ नावाने असे संभाषण-गट चालतात, तिथे नावनोंदणीही लागत नाही. चर्चच्या सभागृहात जायला आपली मंडळी उगाच बिचकतात. तिथे कोणी धर्म विचारत नाही, कॉफी विचारतात.

श्प्राखकाफेचा दोष असा की टेबलावर सहा शिकणारे आणि एक जर्मन असेल, तर तुम्ही दोन तास एकमेकांच्याच चुका ऐकता आणि त्या पक्क्या होतात. चार-पाच जणांमागे एक तरी जर्मन बोलणारा असेल असा गट शोधा. पहिल्या दोन भेटींत हे कळतंच. दुसरं म्हणजे कुठून आलात, किती वर्षं झाली, काय काम करता, इथलं हवामान आवडतं का, हे प्रश्न दर आठवड्याला नव्याने येतात, कारण माणसं बदलत असतात. तीच उत्तरं गुळगुळीत होतात आणि आपल्याला बोलता येतं असा भ्रम होतो. यावर उपाय म्हणजे काहीतरी हातात घेऊन जाणं. घरमालकाचं न कळलेलं पत्र, नगरपालिकेच्या पत्रकातली एखादी बातमी, नाहीतर कचरा वर्गीकरणाचा तक्ता. कचऱ्यावर जर्मन माणूस अर्धा तास सहज बोलतो. आणि दुसरा भारतीय दिसला की त्याच्या शेजारी बसू नका. नमस्कार करा, नंबर घ्या, बसा दुसऱ्या टेबलावर. तीन-चार महिन्यांनी श्प्राखकाफे सोडायचं. तिथे वर्षानुवर्षं येणारे लोक असतात, आणि त्यांचं जर्मन वर्षानुवर्षं तेच असतं.

टँडम, म्हणजे दोघांनी एकमेकांना आपापली भाषा शिकवणं. विद्यापीठांच्या भाषाकेंद्रांत आणि फोल्क्सहोखशूलेच्या (प्रौढशिक्षण केंद्राच्या) फलकावर असे जोडीदार मिळतात. मराठी शिकायचं म्हणणारा भेटला तर भाग्य समजा. हिंदी मागणारे थोडे असतात, इंग्रजी मागणारे पुष्कळ. इंग्रजीवाल्यांशी घड्याळ लावून बसा: पहिली ३० मिनिटं जर्मन, मग ३० मिनिटं इंग्रजी, आणि क्रम हाच. इंग्रजी आधी घेतली की ती संपत नाही आणि तुम्ही फुकटचे इंग्रजी मास्तर होता. प्रत्येक वाक्याला थांबवून दुरुस्ती करू नका म्हणून सांगा, नाहीतर बोलणंच खुंटतं. जोडीदाराने तीन चुका टिपून शेवटी सांगाव्यात, पुढच्या वेळी त्या तिन्हींवरच लक्ष ठेवावं. पहिल्या भेटी वाचनालयात किंवा कॅफेत घ्या. फक्त भाषेसाठी भेटतो आहोत हे पहिल्याच संदेशात स्पष्ट लिहिलं तर पुढचा अवघडलेपणा टळतो.

श्टामटिश म्हणजे नेहमीच्या मंडळींचं ठरलेलं टेबल. ‘इंटरनॅशनल श्टामटिश’ नावाच्या जमावांपासून फार अपेक्षा ठेवू नका. दुसऱ्या ग्लासापर्यंत सगळे इंग्रजीवर आलेले असतात.

बी१ हाताशी असेल तर खरी जागा फेराइन, म्हणजे सदस्यांनी मिळून चालवलेलं मंडळ किंवा क्लब. जर्मनीत सहा लाखांहून जास्त नोंदणीकृत फेराइन आहेत, आणि गावाचं सामाजिक आयुष्य बरंचसं त्यातच चालतं: खेळ, गायन, बागकाम, हौशी नाटक, स्वयंसेवी अग्निशमन दल, राइनलँडमध्ये कार्निव्हल. इथे कोणी तुमची भाषा सुधारायला आलेलं नसतं, काम करायला आलेलं असतं, आणि म्हणूनच ते तुमच्याशी नेहमीच्या वेगाने, नेहमीच्या शब्दांत बोलतात. पण फेराइन निवडताना आवडीइतकाच विचार तिथे तोंड किती चालतं याचा करा. बॅडमिंटन, पोहणं, योग, बुद्धिबळ यांत तासभर ‘तुझी सर्व्हिस’पलीकडे शब्द फुटत नाही. डोंगर-पायवाटा हिंडणारे गट सगळ्यात उत्तम: चार-पाच तास चालायचं, वाटेत जोडीदार आपोआप बदलत राहतो, आणि शेजारी चालणाऱ्याशी बोलताना डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही, त्यामुळे जीभ सैल सुटते. गायनवृंदात उच्चार घासून निघतात, आणि तालमीनंतर लोक तासभर बसतात, खरा अभ्यास तो. रिपेअर काफेत मोडक्या मिक्सरपुढे दोघं वाकले की अवजारांची आणि क्रियापदांची उजळणी होते. ज्यांना क्रिकेट खेळायचंय त्यांनी जरूर खेळावं, पण इथले बहुतेक संघ भारतीय, पाकिस्तानी आणि अफगाण खेळाडूंचे आहेत. तिथे हिंदी-उर्दू सुधारेल.

आधी ईमेल करा, तीन ओळींचा: नाव, काय करायचंय, एकदा पाहायला येऊ का. याला श्नुपरश्टुंडे किंवा खेळात प्रोबेट्रेनिंग म्हणतात, आणि एक-दोन वेळा असं येणं बहुतेक ठिकाणी फुकट असतं. उत्तर यायला आठवडा लागला तर रुसू नका, चिटणीस नोकरी सांभाळून हे करतो. शाळांच्या उन्हाळी सुट्टीत बहुतेक गट बंद असतात. फोल्क्सहोखशूलेची सत्रं साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये सुरू होतात, चांगले वर्ग त्याआधीच भरतात.

पोचल्यावर प्रत्येकाशी हात मिळवून नाव सांगा. मोठ्या टेबलावर श्टामटिश बसलेलं असेल तर बोटांच्या सांध्यांनी टेबलावर दोनदा ठोकलं की सगळ्यांना नमस्कार पोचतो. पण खानावळीत ‘श्टामटिश’ची पाटी असलेल्या टेबलावर न बोलावता बसायचं नाही, बाकी सगळं हॉटेल रिकामं असलं तरी. फेराइनमध्ये सत्तरीच्या आजोबांनाही सहसा ‘डू’च (तू) म्हणतात. चर्चा-गटात आणि फोल्क्सहोखशूलेत मात्र ‘झी’पासून (आदरार्थी ‘तुम्ही’) सुरुवात करा, ‘डू’ म्हणायची परवानगी वयाने मोठ्या माणसाने द्यायची असते. वेळेला ‘हाल्ब झीबेन’ म्हणजे साडेसहा, साडेसात नव्हे. पूर्वेकडे आणि दक्षिणेच्या काही भागांत ‘फिअर्टल झीबेन’ म्हणजे सव्वासहा. यात चुकून तासभर उशिरा पोचणारे दर वर्षी दिसतात. बिअर घेतलीच पाहिजे असं काही नाही, सफरचंदाचा रस-सोडा म्हणजे आपफेलशोर्ले मागवा, कोणी वळूनही पाहत नाही. बिल ज्याचं त्याने द्यायचं, सगळ्यांचं भरायचा हट्ट केलात तर लोक संकोचतात. वाढदिवसाचा केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा, आणि शुभेच्छा एक दिवसही आधी द्यायच्या नाहीत, तो अपशकुन समजतात.

तुम्ही अडखळलात की समोरचा सौजन्याने इंग्रजीवर येतो. लगेच म्हणा: “क्योनेन वीअर बिटे बाइम डॉइचेन ब्लायबेन?” (कृपया जर्मनमध्येच बोलूया का?) आणि तुम्ही स्वतः एकही इंग्रजी वाक्य बोलू नका, शब्द आठवला नाही तर त्याचं वर्णन करा. समजलं नसताना ‘या, या’ म्हणण्याची आपली सवय इथे महागात पडते, कारण तो होकार धरला जातो आणि शनिवारी सकाळी आठला तंबू उभारायला तुमची वाट पाहिली जाते. आपल्यासारखं डावी-उजवीकडे मान डोलावणंही टाळा, त्याचा अर्थ त्यांना लागत नाही. ‘बघू, येतो’ हे इथे वचन असतं. येणार नसाल तर आदल्या दिवशी कळवा.

बी२च्या पुढे गेलात की चर्चा-गट: पुस्तकांच्या दुकानातला किंवा वाचनालयातला लेझेक्राइस म्हणजे वाचकगट, फोल्क्सहोखशूलेच्या संध्याकाळच्या चर्चा, वस्तीतल्या नागरिकांच्या सभा. इथे लोक तोंडावर ‘हे बरोबर नाही’ म्हणतात. तो अपमान नसतो. मुद्द्यावर भांडून तेच दोघं नंतर एकत्र ट्राम पकडतात. तुमची पाळी कोणी देणार नाही, म्हणून वाक्य पूर्ण तयार व्हायच्या आधीच जागा धरा: “दात्सू व्युर्डे इश गेर्न एट्वास झागेन.” (यावर मला काही बोलायचंय.) एवढं म्हटलं की लोक थांबतात, आणि तुम्हाला चार सेकंद मिळतात. पगार, लग्न कधी, मूल का नाही, हे प्रश्न विचारायचे नाहीत. राजकारण, घरभाडं, रेल्वेचा उशीर हे सगळं चालतं. एका बाबतीत मात्र अजिबात सैलपणा नको: हिटलर ‘शिस्तीचा माणूस’ होता वगैरे जे आपल्याकडे चहाच्या टपरीवर सहज बोललं जातं, ते इथे बोललात तर त्या गटात तुम्ही संपलात. त्याची सलामी गमतीतही करायची नाही, तो फौजदारी गुन्हा आहे. नाझी चिन्हांवर जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६अ खाली बंदी आहे. आपलं स्वस्तिक धार्मिक असलं तरी ते छापलेला दिवाळीचा डबा किंवा भेटकार्ड गटात नेऊ नका. दारावरचं पाहणाऱ्याला समजावता येतं, डब्यावरचं समजावायला वेळ मिळत नाही.

आता पैशांचं. ज्या चुकीने नव्या लोकांचे सगळ्यात जास्त युरो जातात ती हीच: जाणं बंद केलं म्हणजे सदस्यत्व संपलं असं समजणं. फेराइनचं सदस्यत्व तुम्ही लेखी रद्द करेपर्यंत चालू राहतं. तुम्ही गेला नाहीत तरी, आजारी पडलात तरी, हॅनोव्हरहून म्युनिकला गेलात तरी. अर्जावर सही करण्याआधी झाट्सुंग, म्हणजे फेराइनची घटना, आणि वर्गणीचा तक्ता मागून घ्या, त्यात चार गोष्टी शोधा. वर्गणी महिन्याची की वर्षाची. प्रवेशशुल्क आहे का. श्रमदानाचे तास आहेत का, कारण टेनिस, नौकानयन आणि बागांच्या फेराइनमध्ये वर्षाला काही तास काम करावं लागतं, नाही केलं तर पैसे भरावे लागतात. आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं, क्युंडिगुंग: सदस्यत्व कोणत्या तारखेला सोडता येतं आणि किती आधी कळवायचं.

समजा घटनेत लिहिलंय की वर्षाअखेर, तीन महिन्यांच्या सूचनेने. तर तुमचं पत्र ३० सप्टेंबरपर्यंत त्यांच्या हातात पडलं पाहिजे. टाकल्याची तारीख धरत नाहीत, पोचल्याची धरतात. १ ऑक्टोबरला पोचलं तर पुढचं पूर्ण वर्षही तुमच्या माथी. कायद्याने ही सूचना-मुदत जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत ठेवता येते. जिमच्या करारांना मार्च २०२२पासून जे ग्राहकहिताचे नियम लागू झाले, ते फेराइनच्या सदस्यत्वाला लागत नाहीत, हे गृहीत धरून चाला. पत्रात नाव, पत्ता, सदस्य क्रमांक, ‘शक्य त्या लवकरच्या तारखेपासून’ हे वाक्य आणि लेखी पोच देण्याची विनंती. ईमेल चालतो का ते घटनेत पाहा. शंका असेल तर सही करून पोस्टाने नोंदणीकृत पाठवा आणि पावती जपा. प्रशिक्षकाला तोंडी सांगणं किंवा व्हॉट्सअ‍ॅप गट सोडणं याला काही किंमत नाही. घरच्या तिघांचे अर्ज वेगवेगळे असतील तर पत्रंही तीन.

काही हुशार मंडळी बँकेतून वर्गणीची कापलेली रक्कम परत फिरवतात. आठ आठवड्यांपर्यंत ते करता येतं, म्हणून करतात. त्याने सदस्यत्व संपत नाही. परतीचा बँक-खर्च तुमच्यावर येतो, मग मानुंग म्हणजे तगाद्याचं पत्र, मग वसुली कंपनी, आणि प्रकरण ताणलं तर शूफा या पत-नोंदी ठेवणाऱ्या कंपनीत नोंद, जी पुढचं भाड्याचं घर शोधताना आडवी येते. न्यायालयाकडून मानबेशाइड म्हणजे पैसे भरण्याचा आदेश आला तर तो पिवळ्या पाकिटात येतो, आणि पाकिटावर पोस्टमनने तारीख लिहिलेली असते. त्या तारखेपासून आक्षेप नोंदवायला दोन आठवडे मिळतात. भारतात गणपतीला जाणार असाल तर टपाल उघडायला शेजाऱ्याला सांगून ठेवा.