लिऑनला जाताय? मग दुपारचं जेवण चुकवू नका

फ्रान्समधल्या लिऑन शहरात दोनच दिवस असाल तर मुख्य जेवण दुपारी घ्या. बाराच्या सुमारास खानावळींच्या दारात खडूने लिहिलेली पाटी लागते. तिच्यावरचा ‘प्ला द्यु जूर’, म्हणजे आजचा पदार्थ, मागवा. रात्रीच्या मानाने बराच स्वस्त पडतो. दोनच्या आत मात्र बसाच. पहिल्या दिवशी मी अडीचला पोचले, तर तीन ठिकाणी स्वयंपाकघर बंद झालेलं होतं.

इथल्या छोट्या, जुन्या खानावळींना ‘बुशों’ म्हणतात. जुन्या लिऑनच्या गल्ल्यांत ‘बुशों’ची पाटी पावलोपावली दिसेल. दारात उभं राहून कोणी हाका मारत असेल, किंवा मेन्यूवर फोटो आणि पाच भाषा असतील, तर पुढे चला. हाताने लिहिलेले पाच-सहाच पदार्थ असतील तिथे बसा. रविवारी-सोमवारी बऱ्याच बंद असतात, तेव्हा आधी फोन करा.

मासे खात असाल तर ‘केनेल’ घ्याच: पाइक नावाच्या नदीतल्या माशाचा गर, लोणी आणि अंडी घोटून केलेला लांबट, मऊ गोळा, सॉसमध्ये भाजून टम्म फुगलेला. ‘आंदुयेत’ म्हणजे आतड्यांचं सॉसेज आणि ‘ताब्लिए द सापर’ म्हणजे गाईच्या पोटाचा तळलेला तुकडा, हे मागवण्याआधी माहीत असू द्या. ‘सालाद लिओनेज’ सॅलड असलं तरी त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात.

शाकाहारी मंडळींनी ‘सेर्व्हेल द कान्यु’ मागावं. नावाचा अर्थ ‘विणकराचा मेंदू’, पण मेंदूचा काही संबंध नाही. चक्क्यासारखं ताजं चीज, त्यात लसूण, बारीक चिरलेला छोटा कांदा, कांद्याच्या पातीसारखी हिरवी पानं, थोडं व्हिनेगर आणि ऑलिव्ह तेल. उकडलेल्या बटाट्याबरोबर पहिला घास खाल्ला आणि आईच्या हातची लसणीची दह्यातली चटणी आठवली.

‘कान्यु’ म्हणजे इथले रेशीम विणकर. त्यांची वस्ती क्रोआ-रूसच्या टेकडीवर होती. मी इचलकरंजीची, मागांच्या खडखडाटात वाढलेली, म्हणून तिथे मुद्दाम गेले. उंच माग मावावेत म्हणून घरांची छतं जवळजवळ चार मीटर उंच ठेवलेली आहेत. तिथल्या बुलेव्हारवर, म्हणजे रुंद रस्त्यावर, सोमवार सोडून रोज सकाळी बाजार भरतो. ‘सें-मार्सेलें’ची एक चकती घ्या. पिकलेलं चीज बोटाने दाबलं की आतून पाझरतं. सोबत पाव घ्या आणि बाकावर बसून खा. पार-दियू स्टेशनजवळचा, नामवंत शेफ पॉल बोक्यूझ यांच्या नावाचा बंदिस्त बाजारही बघण्यासारखा आहे, पण महाग. मी पुन्हा गेले तर टेकडीवरच जाईन.

खानावळीत शिरताना ‘बोंजूर’, म्हणजे नमस्कार, म्हणा, मगच टेबल मागा. पाण्यासाठी ‘युन काराफ दो’ म्हणा, नळाचं पाणी फुकट मिळतं. आणि शेवटी पोटात जागा ठेवा: साखरेत घोळलेले गुलाबी बदाम कुटून, क्रीममध्ये आटवून केलेला लालचुटुक ‘तार्त ओ प्रालिन’ अजून यायचा असतो.