खिडकीला दोन थर: पडदा आणि ब्लाइंडची जोडी कशी जमवावी

कापड बघायला जाण्याआधी खोलीत सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर एकदा उभं राहून पाहा. ऊन कधी येतं, समोरून काय दिसतं, रात्री बाहेरचा उजेड डोळ्यांवर येतो का? हे सगळं एकच पडदा क्वचितच सांभाळतो. झिरझिरीत पडदा दिवसा आड करतो, कारण बाहेर उजेड जास्त असतो. आत दिवा लागला की त्याच पडद्यातून खोली बाहेरच्यांना दिसू लागते. म्हणून त्याच्या जोडीला जाड थर हवाच.

झोपायच्या खोलीत चौकटीच्या आत ब्लॅकआउट रोलर ब्लाइंड (नळीवर गुंडाळलं जाणारं, उजेड अडवणारं कापड) आणि बाहेर रॉडवर अस्तराचा पडदा ही जोडी आम्ही सर्वांत वर ठेवतो. रोलरचं कापड नळीच्या ब्रॅकेटमुळे चौकटीपेक्षा अरुंद असतं. दोन्ही कडांना दीड-दोन सेंमी फट राहते आणि पहाटे तिथूनच उजेडाच्या रेघा येतात. त्या पडद्याने झाकल्या जातात. बैठकीच्या खोलीत दुहेरी रॉड लावा, खिडकीकडे झिरझिरीत, खोलीकडे जाड. दोन रॉडमध्ये ८ ते १० सेंमी अंतर ठेवा, नाहीतर एक पडदा ओढताना दुसरा सोबत येतो. शेगडीजवळ लोंबतं कापड नकोच, तिथे पुसता येणारा ब्लाइंड बरा. खिडकी आत उघडत असेल तर चौकटीच्या आत काहीही बसवू नका.

मापासाठी धातूचा टेप वापरा. चौकट सहसा तंतोतंत सरळ नसते, म्हणून आत बसणाऱ्या ब्लाइंडची रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजून सर्वांत कमी आकडा घ्या. हे माप चौकटीचं आहे की तयार ब्लाइंडचं, ते ऑर्डरवर स्पष्ट लिहा. तुम्हीही ब्लाइंड मोकळा बसावा म्हणून मापातून थोडी सूट वजा केली आणि बनवणाऱ्यानेही केली, तर फट दुप्पट होते.

रॉड चौकटीच्या १० ते १५ सेंमी वर आणि दोन्ही बाजूंना २० सेंमी पुढे काढा. मग उघडलेला पडदा भिंतीवर गोळा होतो, काच अडत नाही. जड पडद्याला साधारण दर मीटरला एक ब्रॅकेट द्या. मधला ब्रॅकेट गाळला की रॉड हळूहळू वाकतो.

आता कापड. खिडकी १२० सेंमी असेल तर रॉड १६० सेंमी. चुण्या नीट पडायला दुप्पट रुंदी, म्हणजे ३२० सेंमी लागते. झिरझिरीत कापडाला अडीचपट धरा. १३७ सेंमी पन्ह्याचे तीन पन्हे घ्या आणि एक उभा मधोमध फाडून दोन्ही पडद्यांना अर्धा-अर्धा जोडा. तयार उंची २२० सेंमी हवी असेल तर वरच्या-खालच्या दुमडीसाठी २५ सेंमी वाढवा. २४५ सेंमीचे तीन तुकडे, एकूण ७.३५ मीटर. मोठी नक्षी असेल तर जुळणीसाठी प्रत्येक पन्ह्याला नक्षीची एक पूर्ण लांबी जादा लागते. इथे काटकसर केली की पडदा ताणलेल्या चादरीसारखा दिसतो.

कापडातच ठोकलेल्या रिंगांचा पडदा असेल तर प्रत्येक पडद्यावर रिंगा सम संख्येत बसवा, म्हणजे दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. सुती आणि लिनन कापड आटतं, म्हणून शिवण्याआधी धुऊन घ्या. ब्लाइंडची दोरी किंवा साखळी लहान मुलांच्या गळ्याला फास बसवू शकते. मुलं असलेल्या घरात दोरीविना चालणारा ब्लाइंडच घ्या.

खालची दुमड आधी फक्त टाचून ठेवा. पडदा तीन-चार दिवस टांगला की जड कापड आपल्या वजनाने थोडं उतरतं. मग जमिनीपासून एक सेंमी वर खूण करून पक्की शिलाई घाला.