ऑटोवर टाकलं की विमान भरकटायचं : माझा अनुभव

स्पर्धेला दहा दिवस उरले होते. आमचं डेप्रॉनचं (हलक्या फोम शीटचं) रिमोटवरचं मॉडेल विमान हाताने उडवलं की सरळ जायचं, ऑटोवर, म्हणजे स्वयंचलित मोडवर टाकलं की पहिल्याच वेपॉइंटला (आधी ठरवून दिलेल्या ठिकाणाला) डावीकडे ओढायचं. मुळशीकडच्या माळावर दोन रविवार गेले. सर्व्हो (पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) बदलले, ट्रिम (त्या भागांची मूळ स्थिती) बदलला, फरक शून्य.

शेवटी आर्डूपायलटचा, म्हणजे विमान स्वतः उडवणाऱ्या सॉफ्टवेअरचा लॉग (उड्डाणाची नोंद) नीट बघितला. बॅटरीचा करंट चढला की कंपासचा आलेखही सोबत हलत होता. घरी विमान टेबलाला घट्ट बांधलं. प्रोपेलर काढून ही चाचणी होत नाही, कारण भार नसला की मोटर फारसा करंट ओढतच नाही. म्हणून मागे उभं राहून थ्रॉटल हळूहळू वाढवला. विमान जागेवर, पण स्क्रीनवरची दिशा ३० अंश फिरली! कंपास बॅटरीच्या जाड तारांपासून जेमतेम ३ सेंटिमीटरवर होता, तारांतल्या करंटच्या चुंबकीय क्षेत्राने फसत होता.

पुण्यातल्या तपकीर गल्लीतून (इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून) केबल आणून कंपासचं मॉड्यूल शेपटीकडे नेलं. लाल-काळ्या तारा एकमेकींत पिळल्या, म्हणजे त्यांची चुंबकीय क्षेत्रं बरीचशी एकमेकांना मारतात. मग मोकळ्या मैदानात, गाड्यांपासून लांब, कंपासचं पुन्हा कॅलिब्रेशन (दिशा नीट जुळवणं). आता फरक फक्त २ अंश.

स्पर्धेत विमानाने सगळे वेपॉइंट स्वतः गाठले. माझा अंगठा शेवटपर्यंत विमान परत हातात घेण्याच्या मोड स्विचवर होता, दाबावा लागला नाही.