गोव्यात दारू-नशेवर संशोधन करताय? या चुका टाळा

काजूचा हंगाम आला की सत्तरी-डिचोलीकडे एखादा विद्यार्थी प्रश्नावली घेऊन येतो. पहिलाच प्रश्न असतो, "तुम्ही दारू पिता का?" घरातले म्हणतात, "छे, आमच्यात कोणी घेत नाही." तक्त्यात शून्य पडतं. त्याच घरात फेणीची बाटली असते. ती सर्दीला, पोटदुखीला आणि राखणदाराला, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाला, लागते. तिला दारू म्हणायचं त्यांच्या मनातही येत नाही. म्हणून "घरात फेणी कशाकशाला लागते?" असं विचारा. तरीही सगळे एकच उत्तर देत असतील तर वही मिटा आणि काजूची बोंडं वेचायला जा. गाळण्याबद्दल बोलता बोलता माणसं पिण्याबद्दलही बोलू लागतात.

"रोज किती पेले?" या प्रश्नातही घोळ आहे. हुर्राक म्हणजे काजूच्या रसाच्या पहिल्या गाळपाची दारू, त्यात अल्कोहोल साधारण १५ टक्के. फेणीत ४० टक्क्यांच्या वर. शिवाय हुर्राक उन्हाळ्यापुरताच. पेल्यात काय होतं आणि महिना कोणता, हे लिहिलं नाही तर आकडे निरुपयोगी.

सगळ्यात मोठी चूक मी स्वतः केली आहे. मानववंशशास्त्रज्ञ ड्वाइट हीथ यांनी १९५० च्या दशकात बोलिव्हियातल्या कांबा लोकांचं पिणं अभ्यासलं. अतिशय कडक दारू, वारंवार झिंग, तरी मारामाऱ्या नाहीत, व्यसन नाही. झिंगलेला माणूस कसा वागतो हे समाजही शिकवतो, हे त्यातून कळलं. मला ते इतकं पटलं की मी भट्टीवर बसून सोबत, पाहुणचार, परंपरा यांवरच वह्या भरल्या. २००९ साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमानही त्यात होता. त्या वह्यांत एकाही बाईचा आवाज नव्हता. मानववंशशास्त्रज्ञ दारूचे दुष्परिणाम कमी दाखवतात, असा आक्षेप दारूविषयीचे संशोधक रॉबिन रूम यांनी १९८४ मध्येच घेतला होता. मी तो वाचला होता, तरीही.

आता मी विद्यार्थ्यांना सांगते: संध्याकाळी भट्टीवर जा, पण सकाळी घरीही जा. नवरा समोर असताना बायकोला त्याच्या पिण्याबद्दल कधीही विचारू नका; रात्री त्याचा त्रास तिला होऊ शकतो. पगारातलं घरी किती आलं, मुलं रात्री कुठे झोपली, हे तिला वेगळं भेटून, तिची इच्छा असेल तरच विचारा.

अमली पदार्थांचा अभ्यास करायचा तर हणजूण-वागातोरचा पार्ट्यांचा किनारा म्हणजे सगळा गोवा नव्हे, एवढं आधी ध्यानात घ्या. आणि फेणीवाल्याशी बोलताना टिपतो तसं इथे मोकळेपणी टिपून ठेवू नका. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली सेवनही गुन्हा आहे. तुमची वही उद्या कोणाविरुद्ध पुरावा ठरू शकते. खरं नाव, वाडा, गाडीचा नंबर पहिल्या दिवसापासूनच लिहू नका. नंतर खोडू म्हणाल, तर ते राहून जातं.