खोडव्यात पाचट न जाळता कसे कुजवावे

ऊस तोडल्यावर फडात उरणारी वाळली पाने म्हणजे पाचट, आणि तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारे पीक म्हणजे खोडवा. ऊस तुटला की फडाला काडी लावण्याची घाई नको. जाळल्यावर सेंद्रिय कर्ब आणि नत्र (नायट्रोजन) धुरावाटे जाते, राखेत पालाशासारखी (पोटॅश) खनिजे तेवढी उरतात. एका टन पाचटात सुमारे 5 किलो नत्र आणि 7 ते 10 किलो पालाश असतो. त्याहून मोलाची त्याची सावली. एप्रिल-मेच्या उन्हात उघडी सरी भेगाळते, पाचटाखालची ओल टिकून राहते. उन्हाळे कडक होत असताना आणि पावसात मोठे खंड पडत असताना खोडवा तगतो तो या ओलीवर.

तोडणी संपताच बुडख्यांवरचे पाचट बाजूला सारून सरीत दाबून बसवा. उंच राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा, नाहीतर वरच्या डोळ्यांतून कमजोर फुटवे येतात. छाटलेल्या बुडख्यांवर लगेच लिटरला 1 ग्रॅम कार्बेन्डाझिम फवारा.

आता कुजवणे. टनभर पाचटावर 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू पसरा. एकरी 4 टन पाचट धरले तर युरिया 32, सुपर फॉस्फेट 40 आणि जिवाणू 4 किलो. बरेच जण युरिया वाचवायला जातात आणि खोडवा पिवळा पडला की दोष पाचटाला देतात. पाचटात नत्र जेमतेम अर्धा टक्का असते. कुजवणाऱ्या जिवाणूंना ते पुरत नाही, मग ते जमिनीतले ओढतात. जिवाणू ओलसर शेणखतात मिसळून वेगळे फेका, युरियाबरोबर एकाच घमेल्यात कालवू नका.

नंतर पाणी द्या. पहिले पाणी सरीत अडखळत, सावकाश जाते. पाटपाण्याला फारच अडले तर पाचट एक आड एक सरीत ठेवून मोकळ्या सरीतून पाणी सोडा. वाफसा येताच, म्हणजे पाणी मुरून माती चिखल न होण्याइतकी ओलसर राहिली की, पाचट पायाने तुडवा. मातीला चिकटले तरच ते कुजते, वर तरंगणारे तसेच वाळत राहते. साधारण चार महिन्यांत ते कुजते.

बगला (सरीच्या बाजूंची माती) फोडू नका, पहारीने छिद्रे पाडून त्यांत खत द्या. वाफशावर उसाच्या बेटापासून (एका बुडख्याच्या फुटव्यांचा झुबका) 15 सेंटिमीटरवर, 10 ते 15 सेंटिमीटर खोल, दोन छिद्रांत 30 सेंटिमीटर अंतर. माती परीक्षणानुसार ठरलेली निम्मी मात्रा तोडणीनंतर 15 दिवसांच्या आत एका बाजूला, उरलेली 135 दिवसांनी दुसऱ्या बाजूला.

पाणी साचणाऱ्या भारी जमिनीत पावसाळ्यापूर्वी उताराच्या टोकाला चर काढून ठेवा. तुंबलेल्या सरीत पाचट सडते आणि मुळ्यांना हवा मिळत नाही.