काचेचे मणी घासून पॉलिश करताय? यंत्र घेताना या चुका टाळा

पॉलिश झालेला मणी तिरक्या उजेडात धरला की बारीक चऱ्यांची जाळी दिसते आणि सगळा दोष सिरियम ऑक्साईड या पॉलिशच्या पावडरीच्या माथी जातो. पावडर बदलली, फेल्ट (पॉलिश करायचं लोकरी कापड) बदललं, तरी जाळी तशीच. हे चरे बहुतेकदा पॉलिश करताना पडलेले नसतात. ते दोन टप्पे आधी, जाड दाण्यावर पडलेले असतात. चकाकी आली की ते नजरेला येतात, एवढंच. त्यामुळे यंत्र निवडताना पहिला प्रश्न ‘चमक किती येईल?’ हा नसून ‘आधीचे चरे नीट काढता येतील का?’ हा असायला हवा.

मण्याचा आकार न बघता यंत्र घेणं

फ्लॅट लॅप म्हणजे आडवी फिरणारी सपाट डिस्क. तिच्यावर पैलू पाडायचे, चौकोनी किंवा चपट्या मण्याच्या बाजू सपाट करायच्या. गोल मणी तिच्यावर कितीही हळुवार फिरवला तरी नको तिथे लहान-लहान सपाट डाग पडतात. गोलाई राखायची असेल तर बेल्टचं यंत्र बरं, तेही पाण्यावर चालणारं. बेल्टचा मागे आधार नसलेला भाग मण्याच्या वळणाशी जुळवून घेतो. एकसारखे वीस-पंचवीस मणी एकदम करायचे असतील तर टंबलर, म्हणजे मणी, घासायची पावडर आणि पाणी एकत्र घोळवणारं यंत्र, घ्यावा. आणि काम फक्त भोकाची धारदार कड मोडण्याचं असेल तर यंत्र घेऊच नका. हातात धरायचा डायमंड पॅड आणि वाटीभर पाणी पुरतं.

काही मणी घासायचेच नसतात. वरच्या थरावर चांदीचा वर्ख, डायक्रोइक काच (कोन बदलला की रंग बदलणारी) किंवा ज्योतीत आणलेली धातूसारखी झाक असेल, तर पहिल्याच टप्प्यात ती निघून जाते. पोकळ मणी टंबलरमध्ये टाकू नका; भिंत पातळ असते आणि घाण पाणी आत शिरलं की बाहेर निघत नाही. उठावदार ठिपक्यांच्या मण्यांवर रोटरी (गोल फिरणाऱ्या) टंबलरमध्ये ठिपक्यांचे माथे झिजतात आणि खाचा मात्र मंद राहतात. अशा मण्यांना व्हायब्रेटरी (थरथरणारा) टंबलर आणि बारीक मीडिया (मण्यांसोबत टाकायचे लहान तुकडे) जास्त मानवतो.

लॅप घेताना फक्त डिस्कचा व्यास बघणं

मण्यांसाठी १५ सेंमीची डिस्क चालते, २० सेंमीची सोयीची पडते. त्याहून महत्त्वाची आहे डिस्कची डगमग. डिस्कच्या कडेवर केसभर अंतर ठेवून स्टीलची पट्टी स्थिर धरा आणि डिस्क हाताने फिरवा. अंतर कमी-जास्त होताना डोळ्याला दिसलं, तर त्या लॅपवर मणी आपटत राहणार आणि पैलूच्या कडेचे टवके उडणार. दुसरी परीक्षा वेग कमी ठेवून मणी दाबण्याची. एवढ्याने मोटर मंदावत असेल तर तिच्यात जोर नाही, आणि पॉलिशला नेमका कमी वेगातला जोर लागतो.

वेग बदलता आलाच पाहिजे. २० सेंमीची डिस्क मिनिटाला १००० फेरे फिरली, तर कडेला काच सेकंदाला सुमारे १०.५ मीटर वेगाने घासली जाते. मध्याशी हा वेग जवळपास शून्य असतो. म्हणून जाड काम बाहेरच्या भागात आणि नाजूक काम आत सरकून करावं.

इलेक्ट्रोप्लेटेड (धातूच्या मुलाम्याने दाणे बसवलेल्या) डायमंड डिस्कवर हिऱ्याच्या दाण्यांचा एकच थर असतो. कोऱ्या डिस्कवर काही दाणे बाकीच्यांपेक्षा वर आलेले असतात आणि तेच खोल चरे पाडतात. नवी डिस्क बसवली की भरपूर पाणी सोडून पाच-दहा मिनिटं टाकाऊ काच तिच्यावर फिरवा, मगच चांगला मणी लावा. जोर देऊ नका. कोरड्या किंवा दाबून चालवलेल्या डिस्कचा थर निघून जातो, तो परत येत नाही.

ग्रिटचे आकडे एकाच मापाचे समजणं

ग्रिट म्हणजे घासायचा दाणा; आकडा मोठा तितका दाणा बारीक. पण हे आकडे एकाच मापाचे समजण्याची चूक फार महागात पडते. सिलिकॉन कार्बाईडच्या बेल्टवर आकड्याआधी ‘पी’ असेल तर मोजपट्टी वेगळी असते. पी१२०० चा दाणा सुमारे १५ मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे अमेरिकन पद्धतीच्या ‘पी’ नसलेल्या ६०० च्या जवळपास. डायमंड डिस्कचे आकडे आणखी निराळ्या पद्धतीचे. त्यामुळे बेल्टवर ६०० करून डायमंडच्या ६०० वर जाताना आपण पुढे चाललोय की मागे, हे मायक्रॉन बघितल्याशिवाय कळत नाही. विकत घेताना मायक्रॉन विचारा.

पैलूंसाठी डायमंडचा साधारण क्रम २२० किंवा ३२५, मग ६००, मग १२००, शेवटी फेल्टवर सिरियम. मधला टप्पा गाळला तर सिरियम तासन्‌तास चालवूनही खोल चरे निघत नाहीत. प्रत्येक टप्प्याआधी पैलूवर परमनंट मार्करने आडव्या-उभ्या रेघा मारा. घासताना मधल्या रेघा गेल्या आणि कडेच्या राहिल्या, तर मणी तिरका धरला जातोय. सगळ्या गेल्या की मणी धुऊन पूर्ण कोरडा करा आणि १० पट भिंगाखाली बघा. ओल्या काचेत पाणी चरे भरून टाकतं, त्यामुळे ओला मणी नेहमीच झालेला वाटतो.

टंबलर अर्धवट भरणं

बॅरल, म्हणजे टंबलरचं भांडं, दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भरलेलं हवं. मणी कमी असतील तर उरलेली जागा सिरॅमिक मीडिया किंवा प्लास्टिकच्या गोळ्यांनी भरा. अर्ध्याहून कमी भरलं तर मणी घरंगळत नाहीत, वरून पडतात. कान देऊन ऐका: ओल्या रेतीसारखी सलग सळसळ हवी. खडखड ऐकू आली तर मशीन लगेच बंद करा.

दीड किलोच्या बॅरलला २२० च्या सिलिकॉन कार्बाईडचे दोन मोठे चमचे आणि भरावाच्या जरा खाली येईल इतकं पाणी. हा टप्पा एक ते तीन दिवसांचा, पण दर १२ तासांनी बघा. काच दगडापेक्षा लवकर झिजते. पुढे ५०० किंवा ६०० वर तीन-चार दिवस, सिरियमवर पाच ते सात. मंद, दुधी पोत हवा असेल तर सिरियमआधीच थांबा. बॅरलमध्ये वायू साचू शकतो, म्हणून रोज एकदा झाकण उघडा.

पॉलिशसाठी बॅरल वेगळं. प्लास्टिकच्या गोळ्यासुद्धा प्रत्येक टप्प्याच्या वेगळ्या, कारण त्यांच्यात ग्रिट रुतून बसतं. मण्याच्या भोकाचंही तेच: २२० चा एखादा दाणा भोकातून सिरियमच्या बॅरलमध्ये गेला की आठवड्याचं काम वाया. दातांच्या फटी साफ करायच्या बारीक ब्रशने प्रत्येक भोक वाहत्या पाण्याखाली घासा.

भोकातली पांढरी पावडर कोरडीच खरवडणं

ही पावडर म्हणजे मँड्रेलवरचा, मणी ज्या सळईवर घडवतात तिच्यावरचा, लेप; तो छातीत जाऊ देण्यासारखा नाही. मणी आधी पाण्यात भिजवा आणि डायमंड रीमर (भोक साफ करायचं हिऱ्याच्या दाण्यांचं टोक) पाण्याखालीच फिरवा. १.६ मिमी मँड्रेलवरच्या मण्याला त्याहून बारीक, निमुळतं टोक लागतं. जाड रीमर रेटला की भोकाच्या तोंडाशीच तडा जातो. साध्या प्लगवर चालणारं हातातलं यंत्र पाण्याच्या भांड्यावर धरू नका. लांब लवचिक शाफ्टचं, मोटर वर टांगलेलं यंत्र घ्या, आणि ओल्या कामाच्या जोडणीला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असलाच पाहिजे.

मणी घासताना मधोमध दुभंगला तर यंत्राला दोष देण्याआधी ॲनिलिंग (मणी भट्टीत मुरवून हळूहळू थंड करणं) तपासा. मऊ काचेला भट्टीत साधारण ५१० ते ५२० अंश सेल्सिअसची मुरवण लागते, बोरोसिलिकेट या कडक काचेला ५६५ च्या आसपास. नीट न मुरलेल्या मण्यात ताण असतो आणि घासण्याने तो मोकळा होतो. मुरलेला मणीही फेल्टवर तडकू शकतो: सिरियम सुकत आलं की घर्षणाने एक बाजू तापते. पेस्ट सायीइतकी ओली ठेवा, आणि बोटाला ऊब लागली की मणी उचला. गरम मणी पाण्यात बुडवू नका.

घासलेल्या काचेचा गाळ सिंकमध्ये ओतू नका, तो पाइपात दगडासारखा बसतो. बादलीत रात्रभर ठेवा, वरचं पाणी काढून घ्या आणि खालचा गाळ ओलसर असतानाच पिशवीत बांधून टाका. वाळला की त्याचीच धूळ होते.