व्हिएतनाम युद्धातली अमेरिका: वाचताना, लिहिताना या चुका टाळा

अमेरिका व्हिएतनामच्या युद्धात कधी उतरली, असं चार जणांना विचारलं तर १९५०, १९६१, १९६४ आणि १९६५ अशी चार उत्तरं येतात. चारही उत्तरांना काही ना काही आधार आहे, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. हे युद्ध समजून घेताना आपण लढाया पाठ करतो. अमेरिकेच्या बाबतीत मात्र खरी वळणं बहुतेक वॉशिंग्टनच्या बैठकांमध्ये आली, आणि त्यातली बरीचशी मागच्या निर्णयाची नामुष्की टाळण्यासाठी होती. हा धागा हातात ठेवला तर पुढच्या चुका टाळणं सोपं जातं.

सुरुवातीची एकच तारीख शोधणं

१९४९ मध्ये चीन माओच्या हाती गेला, जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटलं, आणि राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी इंडोचायनात (आजचे व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) लढणाऱ्या फ्रान्सला लष्करी मदत सुरू केली. १९५४ पर्यंत फ्रान्सच्या तिथल्या युद्धखर्चाचा निम्म्याहून बराच मोठा वाटा अमेरिका उचलत होती. म्हणजे सैनिक फ्रेंच, पैसा अमेरिकन. ७ मे १९५४ रोजी दिएन बिएन फू हा फ्रेंचांचा तळ पडला, तेव्हा आयझेनहॉवर यांनी स्वतःचं सैन्य पाठवायचं टाळलं, पण काढता पायही घेतला नाही.

त्यानंतर फ्रेंचांचं युद्ध थांबवणाऱ्या, जुलै १९५४ च्या जिनेव्हा कराराबद्दलची एक चूक तर पाठ्यपुस्तकी म्हणावी इतकी रुळलेली आहे: ‘करारानं व्हिएतनामचे दोन देश झाले.’ सतरा अंश उत्तर अक्षवृत्तावरची रेषा ही सैन्यं वेगळी करण्यापुरती, तात्पुरती होती. जुलै १९५६ मध्ये संपूर्ण देशात निवडणुका व्हायच्या होत्या. दक्षिणेतल्या सरकारचे प्रमुख न्गो दिन्ह दिएम यांनी त्या होऊ दिल्या नाहीत आणि अमेरिकेनं त्यांची पाठराखण केली. (कराराच्या देखरेखीसाठी नेमलेल्या आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, सोबत पोलंड आणि कॅनडा. आपल्याकडे हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं.)

राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या काळात, १९६१ पासून, अमेरिकन लष्करी सल्लागारांची संख्या हजाराच्या आतून सोळा हजारांवर गेली. पण माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित वळण आहे नोव्हेंबर १९६३. दिएम यांच्याच सेनापतींनी उठाव केला, तो होऊ देण्याला अमेरिकेची संमती होती, आणि २ नोव्हेंबरला दिएम मारले गेले. तीन आठवड्यांत केनेडींचीही हत्या झाली. त्यानंतर दक्षिणेची राजधानी सायगावमध्ये एकामागून एक सरकारं कोसळत राहिली. जुनं सरकार पाडायला मूकसंमती दिलेली असल्यामुळे नवी सरकारं सावरायची जबाबदारी अमेरिकेच्या गळ्यात पडली. १९६४ च्या टोंकिनच्या आखातातल्या प्रसंगापेक्षा (तो पुढे येतोच) मी या घटनेला जास्त वजन देईन.

टोंकिन: दोन तारखा एक करणं

‘टोंकिनमध्ये हल्ला झालाच नव्हता’ हे अर्धसत्य आहे. २ ऑगस्ट १९६४ रोजी उत्तर व्हिएतनामच्या टॉर्पेडो बोटींनी ‘मॅडॉक्स’ या अमेरिकन विनाशिकेवर हल्ला केला, तो खरा होता. ४ ऑगस्टचा दुसरा हल्ला मात्र झालाच नाही. रडार आणि सोनारवरच्या खुणांचा चुकीचा अर्थ लावला गेला होता, आणि जहाजावरच्या अधिकाऱ्यानं त्याच दिवशी शंकाही कळवली होती. पण प्रत्युत्तराचे बॉम्बहल्ले झाले आणि ७ ऑगस्टला काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, ठराव संमत केला. प्रतिनिधी सभेत ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २.

इथे आणखी दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, या ठरावाला ‘युद्धाची घोषणा’ म्हटलं जातं. व्हिएतनामविरुद्ध अमेरिकेनं औपचारिक युद्ध कधीच पुकारलं नाही. तशी शेवटची घोषणा १९४२ सालची. ठरावानं राष्ट्राध्यक्षांना हवी ती पावलं उचलायची मोकळीक दिली, आणि वरवर पाहता ती जास्त सोयीची होती. दोन, ठरावानंतर लगेच फौजा गेल्या असं लिहिलं जातं. नोव्हेंबरमध्ये निवडणूक होती आणि केनेडींनंतर राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन्सन शांततेचे उमेदवार म्हणून मतं मागत होते. लढाऊ तुकड्या गेल्या सात महिन्यांनी.

२ मार्च १९६५ ला उत्तरेवर सलग बॉम्बफेक सुरू झाली. ८ मार्चला सुमारे साडेतीन हजार मरीन (अमेरिकेचे नौसैनिक) दक्षिण व्हिएतनाममधल्या दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले, कशासाठी, तर विमानतळाच्या राखणीसाठी. विमानं पाठवली म्हणून पहारेकरी, पहारेकरी अडकले म्हणून पलटणी. २८ जुलैला जॉन्सन यांनी भर दुपारच्या पत्रकार परिषदेत सैन्यबळ ७५ हजारांवरून सव्वा लाख करत असल्याचं सांगितलं. राखीव दलं बोलावली नाहीत, देशाला ‘आपण मोठ्या युद्धात उतरतोय’ असा सूर लागू दिला नाही. वर्षअखेर आकडा एक लाख ८४ हजारांवर होता. परीक्षेत एकच तारीख लिहायची सक्ती असेल तर १९६५ लिहा, आणि मार्चसोबत जुलैचा उल्लेख जरूर करा.

टेटचा निकाल एका वाक्यात सांगणं

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. ३०-३१ जानेवारी १९६८ च्या रात्री, ‘टेट’ या चांद्र नववर्षाच्या सणात, उत्तर व्हिएतनामचं सैन्य आणि दक्षिणेतले बंडखोर यांनी शंभराहून जास्त शहरांवर आणि गावांवर एकदम हल्ला केला. सायगावच्या अमेरिकन दूतावासाच्या आवारात माणसं घुसली. ह्वे शहर परत घ्यायला जवळपास चार आठवडे लागले.

‘टेटमध्ये अमेरिका हरली’ हे चूक आहे. हल्लेखोरांची भीषण हानी झाली, जनतेचा अपेक्षित उठाव झालाच नाही, आणि दक्षिणेतल्या बंडखोरांचं कंबरडं मोडलं. पण ‘अमेरिका जिंकली होती, वार्ताहरांनी हरवलं’ ही दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच मोठी. गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत सैन्य पाठवणं चूक होतं असं म्हणणारे टेटच्या आधी, १९६७ मध्येच आघाडीवर गेले होते. खरा दणका बसला तो विश्वासार्हतेला. नोव्हेंबर १९६७ मध्ये सेनापती वेस्टमोरलँड वॉशिंग्टनमध्ये येऊन शेवट दृष्टिपथात असल्याचं सांगून गेले होते. दोन महिन्यांत दूतावासाच्या अंगणात गोळीबार. त्यावर आणखी दोन लाख सहा हजार सैनिकांची मागणी, आणि ती मार्चमध्ये वृत्तपत्रात फुटली.

टीव्ही निवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांचं भाष्य बघून जॉन्सन यांनी ‘हा माणूस गेला म्हणजे देश गेला’ अशा अर्थाचे उद्गार काढले, ही गोष्ट हमखास सांगितली जाते. ते भाष्य प्रसारित झालं तेव्हा जॉन्सन टेक्सासमध्ये एका वाढदिवसाच्या समारंभात होते, आणि त्या वाक्याला भरवशाचा पुरावा नाही. खरे धक्के वेगळे होते. नवे संरक्षणमंत्री क्लार्क क्लिफर्ड यांनी युद्ध जिंकायचा आराखडा विचारला, आणि सेनाधिकाऱ्यांकडे तो नव्हता. न्यू हॅम्पशर राज्यात पक्षाचा उमेदवार निवडण्याच्या प्राथमिक निवडणुकीत जॉन्सन यांच्याच पक्षातले युद्धविरोधी युजीन मॅकार्थी यांनी ४२ टक्के मतं घेतली (हे ते कम्युनिस्ट-शोधवाले जोसेफ मॅकार्थी नव्हेत, ते १९५७ मध्येच वारले). मार्चअखेर ज्येष्ठ सल्लागारांच्या मंडळातल्या बहुतेकांनी मागे फिरण्याचा सल्ला दिला. ३१ मार्चला जॉन्सन यांनी बॉम्बफेक अंशतः थांबवली आणि आपण पुन्हा निवडणुकीला उभे राहणार नाही असं जाहीर केलं.

या कारणांच्या यादीत माय लायचं हत्याकांड (अमेरिकन सैनिकांनी केलेली गावकऱ्यांची कत्तल) घालू नका. ते १६ मार्च १९६८ ला घडलं खरं, पण जगाला कळलं नोव्हेंबर १९६९ मध्ये.

‘सगळा गनिमी काव्याचा विजय’

मराठी व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरणारा एक मजकूर तुम्हालाही आला असेल: व्हिएतनामच्या राष्ट्राध्यक्षांनी अमेरिकेला हरवण्याचं श्रेय शिवाजी महाराजांच्या युद्धनीतीला दिलं, आणि त्यांच्या समाधीवर ‘महाराजांचा एक मावळा’ असं कोरलेलं आहे. याला काडीचा पुरावा नाही. उत्तर व्हिएतनामचे राष्ट्राध्यक्ष हो चि मिन्ह २ सप्टेंबर १९६९ लाच वारले, विजय त्यांनी पाहिला नाही. त्यांचं पार्थिव हनोईत जतन केलेलं आहे आणि त्या वास्तूच्या दर्शनी भागावर ‘अध्यक्ष हो चि मिन्ह’ एवढंच कोरलेलं आहे. महाराजांच्या थोरवीला असल्या टेकूची गरज नाही.

मजकूर बाजूला ठेवला तरी त्यामागची समजूत तपासायला हवी. दिएन बिएन फू हा तोफा लावून घातलेला वेढा होता. उत्तरेचं १९७२ चं आक्रमण रणगाड्यांसह आलं, आणि १९७५ मध्ये सायगावच्या प्रासादाचं फाटक तोडून आत गेले ते रणगाडेच. गनिमी युद्धाचा भाग मोठा होता, पण शेवट नियमित सैन्यानं केला.

निक्सन: माघार की विस्तार?

दोन्ही. जॉन्सन यांच्यानंतर जानेवारी १९६९ मध्ये निक्सन राष्ट्राध्यक्ष झाले. अमेरिकन सैन्य एप्रिल १९६९ मध्ये सर्वाधिक, पाच लाख ४३ हजारांच्या आसपास होतं. जूनमध्ये पहिल्या २५ हजारांची माघार जाहीर झाली. पण त्याच वर्षीच्या मार्चपासून कंबोडियावर गुप्त बॉम्बफेक चालू होती, आणि ३० एप्रिल १९७० ला तिथे फौजा घुसल्याची घोषणा झाली. चार दिवसांनी अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्ड या राखीव दलाच्या गोळीबारात चार विद्यार्थी मेले. एकूण ५८ हजारांवर अमेरिकन मृत्यूंपैकी वीस हजारांहून जास्त निक्सन आल्यानंतरचे आहेत, त्यामुळे ‘जॉन्सनचं युद्ध’ हे लेबल जपून वापरा.

छायाचित्रांवर विसंबणं

नापामनं (अंगाला चिकटून जळणाऱ्या बॉम्बमधल्या इंधनानं) भाजलेल्या मुलीचं जून १९७२ चं छायाचित्र अमेरिकन हल्ल्याचं म्हणून छापलं जातं. बॉम्ब टाकणारं विमान दक्षिण व्हिएतनामच्या हवाई दलाचं होतं; नापाम आणि विमानं पुरवणारी अमेरिका, हे खरं. तसंच, छपरावरच्या हेलिकॉप्टरकडे शिडीनं चढणारी रांग दूतावासावरची नाही. ती सायगावमधल्याच एका निवासी इमारतीवरची, २९ एप्रिल १९७५ ची.

१९७३ आणि १९७५ यांची गल्लत

युद्धबंदीचा पॅरिस करार २७ जानेवारी १९७३ चा, शेवटच्या लढाऊ तुकड्या परतल्या २९ मार्च १९७३ ला. सायगाव पडलं ३० एप्रिल १९७५ ला. ‘अमेरिकन सैन्य १९७५ मध्ये हरून परतलं’ असं लिहिलं की मधली दोन वर्षं गायब होतात, आणि निकाल ठरला तो त्याच काळात. करारानं उत्तरेचं सैन्य दक्षिणेत जागच्या जागी राहू दिलं होतं. काँग्रेसनं १५ ऑगस्ट १९७३ पासून इंडोचायनातल्या सगळ्या अमेरिकन लष्करी कारवाया बंद केल्या. मग वॉटरगेट या राजकीय घोटाळ्यामुळे निक्सन यांना राजीनामा द्यावा लागला. एप्रिल १९७५ मध्ये त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सायगावसाठी ७२ कोटी २० लाख डॉलरची लष्करी मदत मागितली, काँग्रेसनं ती दिली नाही. २३ एप्रिलला न्यू ऑर्लिन्समधल्या ट्युलेन विद्यापीठात फोर्ड यांनी अमेरिकेपुरतं हे युद्ध संपल्याचं सांगितलं, तेव्हा विद्यार्थ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सायगाव पडायला अजून आठवडा होता.